नियंत्रण की बंदी? : धोरणविवादाची भाषा

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• धोरणविषयक चर्चेतील शब्दांमागची गृहीतके ओळखता येतील;
• वाक्यातील कर्ता लोपल्याने अर्थावर होणारा परिणाम स्पष्ट करता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली. बंदी असावी की नियंत्रण पुरेसे आहे, हा वाद तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. हे दोन्ही जिल्हे मिळून चांदा जिल्हा होता आणि तो मध्य प्रांतात मोडत होता, त्या काळी ब्रिटिश सरकारपुढे अफूविषयी असाच वाद उभा राहिला होता. त्या वादाच्या आधारे आपण भाषेचा विचार करू.

१. क्रियापदातील भेद
‘अफू खाणे’ आणि ‘अफू ओढणे’ यांत पदार्थ एकच आहे; क्रियापद मात्र वेगळे आहे. सरकारी धोरण या भेदावर उभे होते. अफू खाणे ही जुनी रीत मानून परवाना व कर यांद्वारे तिचे नियंत्रण केले जाई. मदक आणि चंडू ओढणे मात्र निंद्य ठरले. परवानाधारक दुकानात बसून अफू ओढू देण्याची पद्धत बंद करण्याचे धोरण सरकारने १८९१ मध्ये स्वीकारले. पुढे मुंबई प्रांताने १९३६ मध्ये अफू ओढण्याविरुद्ध स्वतंत्र कायदाच केला.

२. प्रश्नातील गृहीतक
१८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली अफूविषयक शाही आयोग नेमला गेला. औषधी उपयोग वगळता अफूवर बंदी घालावी काय, हा त्यापुढील प्रमुख प्रश्न होता. ‘औषध’ आणि ‘व्यसन’ यांच्यातील सीमा स्पष्ट आहे, हे या प्रश्नात गृहीत धरलेले दिसते. घरोघरी मात्र खोकला, दुखणे, तान्ह्या मुलाचे रडणे यांवर अफू दिली जात असे. शिवाय अफूपासून सरकारला मोठा महसूल मिळत होता. १८९५ च्या अहवालात बहुमताने बंदी अनावश्यक ठरवली. हेन्री विल्सन यांनी मतभेद नोंदवला.

आपल्या परिसरातील मोहाविषयीही हीच अडचण येते. मोहफूल हे अन्न आहे, उपजीविका आहे, दारूचा कच्चा माल आहे. आणि मोहाच्या दारूला आदिवासींच्या देवकार्यातही स्थान आहे. कायद्याला यांतील एकच ओळख निवडावी लागते.

३. नाव आणि कर्ता
‘आबकारी’ हा फारसीतून आलेला शब्द मद्य गाळण्याच्या व विकण्याच्या व्यवसायाचा वाचक होता. पुढे तो त्यावरील कराचाही वाचक झाला. आज तेच काम पाहणाऱ्या खात्याचे नाव ‘राज्य उत्पादन शुल्क विभाग’ असे आहे. ज्या खात्याने बंदी राबवायची, त्याच्या नावातच कर आहे, हे ध्यानात घ्या.

‘दारूबंदी’ हा तत्पुरुष समास आहे. ‘दारूची बंदी’ असा त्याचा विग्रह केला, तरी बंदी कोणी केली हे कळत नाही. पुढील वाक्ये ताडून पाहा :
(अ) जिल्ह्यात दारूबंदी लागू करण्यात आली.
(आ) स्त्रियांनी मोर्चे काढून शासनाला दारूबंदी करायला लावली.
पहिल्या वाक्यात कर्ता नाही. दुसऱ्यात स्त्रिया आहेत. या दोन्ही जिल्ह्यांतील बंदीमागे लोकांची, विशेषतः स्त्रियांची, दीर्घ चळवळ होती. पहिले वाक्य खोटे नाही. परंतु त्यातून ही चळवळ पुसली जाते. चंद्रपुरातील ‘बंदी उठवण्यात आली’ या वाक्यालाही हाच प्रश्न विचारला पाहिजे.

समारोप
तुमचे मत बंदीच्या बाजूचे असो वा नियंत्रणाच्या, युक्तिवाद वाचताना तीन गोष्टी तपासा : कोणता भेद गृहीत धरला आहे, महसुलाचा उल्लेख कोठे येतो किंवा टाळला जातो, आणि वाक्याचा कर्ता कोण आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
१. ‘खाणे’ व ‘ओढणे’ या भेदाचा अफूविषयक धोरणाशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. दारूबंदीविषयीची एक बातमी घेऊन तिच्यातील कर्तालोप झालेली वाक्ये शोधा व ती कर्त्यासह पुन्हा लिहा.