संघाची पारख

दुसऱ्याचे दोष माणसाला चटकन दिसतात. आपल्या माणसांतील उणिवा पाहताना मात्र प्रेमाने दृष्टी मंद होते. म्हणूनच स्वतःच्या संघाची पारख करणे हे प्रतिपक्षाची पारख करण्याहून कठीण काम आहे. हे काम शिकविणारा एक खेळ सुमारे चार दशकांपूर्वी इंग्लंडमधील कित्येक मुलांच्या घरी पोहोचला होता.

१९८२ साली केविन टॉम्स या इंग्रज गृहस्थांनी ‘फुटबॉल मॅनेजर’ नावाचा संगणकावरील खेळ विक्रीस आणला. घरगुती संगणक तेव्हा नुकतेच सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागले होते. झेडएक्स ८१ हे त्यांपैकीच एक चिमुकले यंत्र. ते दूरचित्रवाणीच्या संचाला जोडले, की पडद्यावर अक्षरे उमटत. त्याची स्मरणशक्ती अगदी तुटपुंजी. त्यामुळे तेथे ना हिरवे मैदान दिसे, ना चेंडूमागे धावणारे खेळाडू. दिसत ती केवळ नावे आणि आकडे. स्पेक्ट्रम या यंत्रासाठी केलेल्या आवृत्तीत गोलासमोरील काही क्षणांची साधी चित्रे आली; तरी खेळाचा गाभा आकड्यांचाच राहिला.

या खेळात चेंडूला पाय लावावयाचा नसे. खेळणारा हा संघाचा व्यवस्थापक असे. त्याचा संघ चौथ्या श्रेणीत असे आणि तेथून त्याला पहिल्या श्रेणीपर्यंत चढावयाचे असे. खेळाडू विकत घ्यावेत, विकावेत, दर आठवड्याचा खर्च भागवावा, तिजोरी रिकामी झाली तर कर्ज काढावे, हे सारे त्यालाच पाहावे लागे. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे दोन आकडे असत. पहिला त्याच्या कौशल्याचा, १ ते ५. दुसरा त्याच्या दमाचा, १ ते २०. नावे त्या काळच्या नामांकित खेळाडूंची असत. आकडे मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यंत्रच ठरवी. त्यामुळे नाव मोठे आणि लक्षण खोटे, असा प्रकारही घडे. नुसत्या नावलौकिकावर विसंबणारा तेथे फसे.

सामन्यापूर्वी पडद्यावर दोन्ही संघांचा ताळेबंद येई. दम, मनोधैर्य, बचाव, मधली फळी आणि आक्रमण या पाच गोष्टींचे आकडे शेजारी शेजारी दिसत. हे आकडे वाचणे सोपे; त्यांचा अर्थ लावणे हीच खरी परीक्षा.

असा एक खेळणारा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या आघाडीच्या फळीत कौशल्याचा आकडा ५ असलेला एक मोहरा आहे. मुलाचा त्याच्यावर मोठा जीव. तो त्याला प्रत्येक सामन्यात खेळवितो. पहिले काही विजय मिळतात आणि मुलगा खूश होतो. परंतु प्रत्येक सामन्यागणिक त्या खेळाडूचा दम उतरत असतो. कौशल्याचा ५ हा आकडा तसाच झळकत राहतो आणि मुलाची नजर त्याच्याच पुढे जात नाही. मग एक पराभव होतो, पाठोपाठ दुसरा होतो. पराभवाने मनोधैर्य खचते आणि खचलेल्या मनोधैर्याने पुढचा सामनाही अवघड होतो. इकडे खर्च थांबत नाही. नशिबाला दोष देऊन झाल्यावर अखेर तो मुलगा कागद-पेन्सिल घेऊन बसतो.

कागदावर तो प्रथम फळीवार नावे मांडतो. तेव्हा त्याला दिसते, की आपले आक्रमण चांगले असले, तरी बचाव दुबळा आहे. प्रतिपक्षाचे आक्रमण जोरदार असता अशा बचावावर भिस्त ठेवणे धोक्याचे. मग बचावाला एक खेळाडू वाढवावा काय? वाढवावा; परंतु मैदानात उतरावयाचे ते अकराच. एके ठिकाणी भर घालावी, तर दुसरीकडे खड्डा पडतो. तो कोठे पडलेला परवडेल, हे प्रतिपक्षाचे आकडे पाहूनच ठरवावे लागते. नंतर तो दमाचा रकाना वाचतो. तेथे त्याचा आवडता मोहरा सर्वांत थकलेला आढळतो. त्याच्याऐवजी कौशल्य ३ असलेला, पण ताजातवाना खेळाडू घ्यावा, हा निर्णय त्याला मनाविरुद्ध घ्यावा लागतो. विश्रांतीने त्या मोहऱ्याचा दम पुन्हा भरून येतो. आजवर ज्याला तो आपले बळ समजत होता, तेच बळ त्याने स्वतःच्या हाताने झिजविले होते!

एकदा केलेली पारख कायमची पुरत नसे. हंगाम संपला, की खेळाडूंच्या कौशल्याचे आकडे बदलत. गेल्या वर्षीचा वीर यंदा सामान्य ठरे आणि कोपऱ्यात पडलेला एखादा खेळाडू पुढे येई. शिवाय निकालात योगायोगालाही जागा असे. सर्व आकडे अनुकूल असूनही कधी कधी पराभव पदरी येई. म्हणून विचारपूर्वक केलेली निवड चुकीची ठरत नाही. योगायोग कोणाच्याही ताब्यात नसतो. निवड मात्र आपल्या हाती असते.

या खेळाला एक मर्यादाही होती. तेथील खेळाडू दोन आकड्यांत मावत होता. शाळेच्या मैदानावरचा सवंगडी तसा मावत नाही. हरत असताना इतरांना धीर देणारा, स्वतः गोल करण्याचा मोह आवरून चेंडू मित्राकडे देणारा, आजारी असूनही ते लपविणारा, यांच्यासाठी कोणत्याही पडद्यावर रकाना नसतो. तेथे आकड्यांबरोबर माणूसही वाचता यावा लागतो. उणीव पाहावी, ती भरून काढण्यासाठी. कोणाला हिणविण्यासाठी नव्हे. आणि पाहण्याची सुरुवात शक्यतो स्वतःपासून करावी.

स्वाध्याय

१. ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ ही म्हण या पाठात कोणत्या संदर्भात आली आहे?
२. सामन्यापूर्वी पडद्यावर कोणत्या पाच गोष्टींचे आकडे दिसत?
३. मुलाच्या संघाचे पराभव कशामुळे झाले? ते तुमच्या शब्दांत सांगा.
४. कारण लिहा : एकदा केलेली संघाची पारख कायमची पुरत नाही.
५. वाक्यात उपयोग करा : भिस्त ठेवणे, पदरी येणे, धीर देणे.
६. तुमच्या वर्गाच्या कोणत्याही एका संघाची बलस्थाने व उणिवा यांविषयी दहा ओळी लिहा. कोणाचेही मन दुखावणार नाही, याची काळजी घ्या.