चालू ॲप बदलतं तरी कसं?

प्रश्न: वैभववाडीत आमचं किराणा दुकान आहे. परवा गिऱ्हाईक पैसे देत असतानाच त्याच्या फोनमधलं यूपीआयचं ॲप आपोआप बंद झालं. परत उघडलं तर त्याचं रूपडंच बदललेलं! वापरात असलेलं ॲप असं मध्येच कसं बदलतं? आणि त्या वेळी पाठवलेल्या पैशांचं काय होतं?
– एक वाचक, वैभववाडी

उत्तर: चालू ॲप चालता चालता बदलत नाही, ते आधी थांबवलं जातं. अपडेट आलं की अँड्रॉइड प्रणाली नवी फाइल वेगळी उतरवून घेते. ती पूर्ण आली का आणि तिच्यावर मूळ निर्मात्याचीच डिजिटल सही आहे का, हे तपासते. दोन्ही जुळलं तरच जुनं ॲप बंद करून त्याच्या जागी नवं बसवते. म्हणून करूळ घाटात रेंज गेली आणि अपडेट अर्धवट राहिलं, तरी जुन्या ॲपला धक्का लागत नाही. तुमची साठवलेली माहिती वेगळ्या जागी असते, तीही राहते. जातं ते फक्त त्या क्षणी मेमरीत असलेलं, जतन न झालेलं काम: अर्धा लिहिलेला मेसेज, भरत आणलेला फॉर्म.

प्ले स्टोअर आपोआप अपडेट करताना सहसा फोन चार्जिंगला लागलेला आणि वापरात नसतानाची वेळ साधतं. पण ‘अपडेट’चं बटण आपणच दाबून लगेच ॲप उघडलं, तर ते मध्येच बंद होणार. विंडोजवर चालू प्रोग्रामची फाइल सहसा बदलताच येत नाही. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायला सांगतात ते बरेचदा त्यासाठीच.

आता पैशांचं. पिन टाकण्याआधी ॲप बंद झालं असेल, तर पैसे हललेलेच नसतात. पिन टाकून विनंती पुढे गेली, की व्यवहार एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था) आणि दोन्ही बँकांच्या यंत्रणेत चालतो. तिथे तो पूर्ण होतो किंवा फसतो. फोनवरचं ॲप बंद पडल्याने तो थांबत नाही. खरा घोटाळा होतो तो घाईघाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवल्यामुळे, आणि त्यात गरीब गिऱ्हाइकाची ओढाताण होते. तेव्हा आधी त्यांना ॲपमधला व्यवहारांचा इतिहास बघू द्या, आणि तुम्ही त्यांच्या स्क्रीनवर विसंबून न राहता स्वतःच्या खात्यात रक्कम जमा झाली का ते पाहा.

गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण दुकानदाराला मिळाल्याची खात्री झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. उशीर झाल्यास रोज 100 रुपये भरपाई मिळते. हा त्यांचा हक्क आहे, त्यांना जरूर सांगा.

आणखी एक. व्हॉट्सॲपवर ‘बँकेचं नवं अपडेट’ म्हणून एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप बसवण्याची फाइल) आली तर ती उघडू नका. सही वेगळी असल्याने ती खऱ्या ॲपची जागा घेऊ शकत नाही, पण त्याच नावाचं, तसंच दिसणारं दुसरं ॲप म्हणून फोनमध्ये शिरू शकते. अपडेट घ्यायचं ते प्ले स्टोअरमधूनच, आणि दुकान बंद केल्यावर.