रोममधला शेवटचा दिवस

इटलीची राजधानी रोम. सहलीचा आज शेवटचा दिवस, उद्या विमान. वाटाड्या छत्री उंच धरून पुढे चालतो, मंडळी छत्री बघत मागे. चुकामूक झाली तर पंचाईत! तिथली भाषा कुणाला येते?

शेवटी सगळे त्रेवी कारंज्यापाशी येतात. हे १७६२ साली पुरे झाले. पाठमोरे उभे राहून खांद्यावरून पाण्यात नाणे टाकायचे, म्हणजे रोमला पुन्हा येणे होते, अशी समजूत. आपण नदीत पैसा टाकतो, तसेच. पण इथला पैसा तळाशी राहत नाही. तो गोळा करून गोरगरिबांच्या मदतीसाठी देतात.

मला मात्र नाण्यापेक्षा पाणी मोठे वाटते. इसवी सनापूर्वी १९ साली अग्रिप्पा नावाच्या कारभाऱ्याने सुमारे २० किलोमीटरचा पाट बांधून ते शहरात आणले. पंप नाही, मोट नाही. बेताबेताने उतार धरला, पाणी आपोआप चालत आले. पाट बहुतेक जमिनीखालून, म्हणून त्यात घाण पडायची नाही. पुढे तो मोडला, दुरुस्त झाला. आजही कारंज्याला पाणी त्याचेच, बरं का!

रस्तोरस्ती बिडाचे नळही आहेत. १८७४ पासून ते बसवत आले. धार चालूच, पाणी पिण्याचे, आणि फुकट. मंडळी तिथे बाटल्या भरतात नि मुक्कामाकडे वळतात.