नोटीस आली, आता बोलायचं कुणाशी?

मावळातल्या डॉक्टरला महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोटीस येते ती पोस्टाने. पोचपावतीवर सही करते रिसेप्शनवरची मुलगी. लिफाफा केसपेपरच्या गठ्ठ्यावर ठेवून ती पुढच्या पेशंटला आत सोडते. प्रस्तुत लेखकाच्या दवाखान्यातही असंच झालं. नोटिशीत तक्रारदाराचं नाव होतं, उत्तराची मुदत होती, कोणते कागद जोडायचे त्याची यादी होती. चौकशी चालू असताना मन सांभाळायला कुणाकडे जावं, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. प्रकरण यथावकाश निकाली निघालं. मधल्या काळात जे सोसावं लागलं त्याबद्दल लिहायला हवं, कारण तालुक्यात आजही कुणाच्या तरी टेबलावर असा लिफाफा पडलेला असणार.

इथला दवाखाना म्हणजे बहुतेक एकट्याचा कारभार. एक्स्प्रेसवेवरचा अपघात, पवन मावळातली अडलेली बाळंतीण, पावसाळ्यात भुशी धरणावर घसरलेला पर्यटक, सगळे त्याच दारात येतात. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला वकिलांची फौज असते. इथे डॉक्टर स्वतःच खुलासा लिहितो, स्वतःच झेरॉक्स काढतो आणि सुनावणीच्या दिवशी लोणावळ्याहून सिंहगड एक्स्प्रेस धरून दादर, तिथून लोकलने चिंचपोकळीला परिषदेचं कार्यालय गाठतो. नियमाप्रमाणे तक्रारीचा निर्णय ६ महिन्यांत व्हायला हवा, पण प्रकरणं त्याहून लांबतात. गावात बातमी आधीच फिरलेली असते. पहिल्यांदा झोप उडते. मग हात आखडतो. ज्या मुलाचा ताप एरवी इथेच उतरवला असता, त्यालाही पुण्याला पाठवलं जातं. त्या भाड्याचा भुर्दंड पडतो त्याच्या आईबापांना.

पुण्यातला एक जुना खटला इथे आठवतो: लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले. मे १९५३ मध्ये पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. फळ्या बांधून, टॅक्सीने सुमारे २०० मैलांचा प्रवास करून त्याला पुण्यात आणलं. ९ मे रोजी रात्री डॉ. जोशी यांच्या रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर. जुलैत डॉ. जोशींनी त्यांना पत्र लिहिलं. आपण कसे हादरून गेलो आहोत, हे त्यात होतं. पुढे तेच पत्र कोर्टात पुरावा म्हणून वाचलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २ मे १९६८ रोजी निष्काळजीपणाचा ठपका आणि ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. मुलगा गमावलेल्या बापाला १५ वर्षं झगडावं लागलं, हे आधी लक्षात ठेवायला हवं. त्याचबरोबर हेही दिसतं, की डॉक्टरचं दुःख खरं असलं तरी ते मोकळं करायची जागा तक्रारदाराला लिहिलेलं पत्र ही नव्हती. सांत्वनाला जावं, हात जोडावेत, माणुसकी सोडू नये. रात्र रात्र छळणारे विचार मात्र मानसोपचारतज्ज्ञापुढे किंवा समुपदेशकापुढे मांडावेत.

हे किती गंभीर आहे, ते राजस्थानातल्या लालसोटने दाखवून दिलं. मार्च २०२२ मध्ये प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक बाई दगावली आणि डॉ. अर्चना शर्मा यांच्यावर थेट खुनाचं कलम लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आयुष्य संपवलं. डॉक्टरवर कारवाई करण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्येच सांगितलं होतं. कायदा कागदावर होता. त्या वेळी तो त्यांच्या उपयोगी पडला नाही.

ब्रिटनमध्ये या गोष्टीची मोजदाद झाली. तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या चौकशीखाली असताना २००५ ते २०१३ या काळात २८ डॉक्टरांनी आत्महत्या केल्याचं किंवा तसा संशय असल्याचं कौन्सिलनेच २०१४ मध्ये जाहीर केलं. २०१५ च्या एका पाहणीत ७,९२६ डॉक्टर होते. कौन्सिलकडे प्रकरण गेलेल्यांपैकी २६.३ टक्के मध्यम ते तीव्र नैराश्यात आढळले. तिथे चौकशीतल्या डॉक्टरला कौन्सिलच्या खर्चाने, पण कौन्सिलबाहेरच्या डॉक्टरांकडून गोपनीय आधार मिळतो. तशी सोय आपल्याकडे परिषदेने करावी, ही मागणी संघटनांनी लावून धरायला हवी.

तोवर काय करावं? लिफाफा फोडला की त्याच दिवशी घरी सांगावं. नवराबायकोत ही गोष्ट लपत नाही, नुसती सडते. मग वकील आणि विमा कंपनी. केसपेपर आहे तसा जपावा, त्यात नंतर एक अक्षरही घालू नये. नातेवाइकांनी नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्यात, नियमच आहे तसा. डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाजू मांडत बसू नये.

आणि ड्रॉवरमधली झोपेची गोळी. ही गोष्ट ठासून सांगायला हवी. सॅम्पलची स्ट्रिप हाताशी असते, स्वतःलाच अर्धी लिहून दिली जाते, महिन्याभरात ती एक होते. दुसऱ्याला सवय लागू नये म्हणून जपणारा माणूस स्वतःचा पेशंट झाला की हिशेब विसरतो. औषध लागलंच तर ते दुसऱ्या डॉक्टरने लिहावं.

तालुक्यात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून मानसोपचारतज्ज्ञ पुण्याचा निवडला तरी हरकत नाही. तेही जमलं नाही तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास चालू असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला न्यायालयाच्या आदेशासारखे अपवाद आहेत, म्हणून केसचा तपशील वकिलापाशी आणि मनाचा भार समुपदेशकापाशी, अशी वाटणी बरी. लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम आहे. प्राणायामाने श्वास शांत होतो, झोप सुधारते, जरूर जावं. पण ‘सगळे माझ्याशिवाय बरे राहतील’ असा विचार डोकावला, तर योगवर्गाची वाट न पाहता त्याच दिवशी तज्ज्ञाला गाठावं.

परिचारिकेची चौकशी नर्सिंग कौन्सिलकडे, आयुर्वेदाच्या डॉक्टरची भारतीय वैद्यक परिषदेकडे, होमिओपॅथची त्यांच्या परिषदेकडे होते. खेड्यापाड्यात राबणाऱ्यांत हे लोक पुष्कळ, आणि ॲलोपॅथांच्या संघटनेचं दार त्यांना उघडं नसतं. म्हणून तालुक्यातल्या सगळ्या पॅथींनी मिळून दोन-तीन ज्येष्ठांची नावं ठरवून ठेवावीत: नोटीस आलेल्याबरोबर सुनावणीला जाणारा एक, त्या दिवशी त्याची ओपीडी बघणारा एक. आदेश विरोधात गेला तर ॲलोपॅथी डॉक्टरला अपिलासाठी ६० दिवस मिळतात. कोलमडलेल्या माणसाला तो कागद पुन्हा उघडवत नाही. तारीख लिहून ठेवून वकिलाला फोन लावण्याचं काम या ज्येष्ठांपैकी एकाने अंगावर घ्यावं.