“बंद करून चालू केलंत का, मॅडम?”

मित्रांनो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं. तेव्हा शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा, धडा तेवढा घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत मंचरला घरी गेले होते. पप्पांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. तिथला कॉम्प्युटर इतका स्लो की गिऱ्हाईक चहा पिऊन आलं तरी बिल निघत नाही. म्हटलं, आपण इंजिनिअरिंगला आहोत, एम-टू एसएसडी बसवून टाकू. कॅबिनेट खोललं, एसएसडी बसवली, स्क्रू आवळला. चालू केलं तर नवी एसएसडी दिसते, पण जुनी हार्डडिस्क गायब! आणि तिच्यातच तीन वर्षांच्या उधारीचा हिशोब. बॅकअप? नाव काढू नका.

मग हेल्पलाइन. एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका. “बंद करून चालू केलंत का, मॅडम?” तीन वेळा केलं. दुसऱ्या दिवशी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी उत्तर आलं, “तुमच्या पिनकोडला आमचा इंजिनिअर येत नाही.” मी फाडफाड इंग्लिशमध्ये भांडले. पण खरं सांगू? “इट इज नॉट वर्किंग” यापलीकडे मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

रात्री पप्पांनी साधं विचारलं, “डिस्क गायब व्हायच्या आधी तू नेमकं काय केलंस?”

फक्त एसएसडी बसवली! ती काढून पाहिली, हार्डडिस्क परत हजर. मग मदरबोर्डचं मॅन्युअल उघडलं. बारीक अक्षरात तळटीप होती: एम-टू स्लॉट वापरला की अमुक सॅटा पोर्ट बंद होतो. बऱ्याच मदरबोर्डवर हे दोघं एकच वाट वापरतात. एसएसडी पुन्हा बसवली, हार्डडिस्कची केबल दुसऱ्या पोर्टला लावली. दोन्ही दिसल्या. दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत!

हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर समजून घ्यायची तर शेजारच्या जुन्नर तालुक्यात चला. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. १४ मध्यभागी, १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. सगळे सिग्नल ऑप्टिकल फायबरने एका इमारतीत येतात आणि तिथे दोन-दोन डिशच्या जोड्या जुळवल्या जातात. २०१० च्या सुमारास हे काम खास चिप्सच्या यंत्रणेकडून बाजारात मिळणाऱ्या कॉम्प्युटरांच्या समूहाकडे आलं.

आता गणित बघा. जोड्या होतात ३० × २९ ÷ २ = ४३५. समजा एक डिश बिघडली. तिच्या २९ जोड्या खराब दिसतील, उरलेल्या ४०६ ठीक. खराब जोड्यांत समान कोण, एवढं शोधलं की दोषी सापडला. तीस ठिकाणी धावायला नको.

म्हणून हॉस्टेलकरांनो, हेल्पलाइनला फोन लावण्यापूर्वी:

१) खोलण्याआधी बॅकअप घ्या, प्लग काढा.
२) एका वेळी एकच बदल करा.
३) काय केलं, काय चालतंय, काय नाही, हे लिहून ठेवा. स्क्रीनचा फोटो काढा.
४) मॅन्युअलच्या तळटीपा वाचा.
५) तक्रार क्रमांक घ्या, म्हणजे उद्याच्या माणसाला पहिल्यापासून सांगायला नको.

पप्पा आता रोज रात्री पेन ड्राइव्हवर कॉपी घेतात. शिवाय वहीतही लिहितात. म्हणतात, “तू पुन्हा सुट्टीला येणारच ना!”