घरगुती खाद्यव्यवसाय आणि मालाची खरेदी

गणिताच्या तासाला नफातोट्याची जी उदाहरणे आम्ही मुलांस घालतो, त्यांतील व्यापारी शंभर रुपयांस वस्तू घेतो, सव्वाशेस विकतो आणि पंचवीस रुपये गाठीस बांधून निघून जातो. त्याच्या मालास कीड लागत नाही, पावसाळ्यात त्याच्या घराच्या भिंतीस ओल येत नाही आणि घेतलेला माल खपेपर्यंत त्याच्या मुलाची फी थांबून राहत नाही. अशा व्यापाऱ्याची व आमची गाठ पुस्तकाबाहेर अद्यापि पडलेली नाही. पुस्तकाबाहेरचा हिशेब कसा असतो, हे आम्हांस आमच्याच एका विद्यार्थ्याच्या घरी शिकावे लागले. तोच धडा आज विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

या विद्यार्थ्याची आई घरी चकल्या व भाजणी करून विके. चकली उत्तम, गिऱ्हाईक बांधलेले, उधारी थोडी. तरी महिनाअखेर हाती काही उरत नसे. मुलाने एके दिवशी वर्गातच विचारले, “सर, सगळा माल खपतो, मग नफा जातो कोठे?” प्रश्न चांगला होता. आम्ही त्याच्या घरी जाऊन आईची वही पाहिली. कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो डाळ आज, अर्धा किलो उद्या, अशी सारी खरेदी होती. आम्ही लागलीच निदान केले व उपायही सांगितला : घाऊक बाजारातून एकदम कट्टा घ्यावा.

त्या माउलीने शिक्षकाचा शब्द प्रमाण मानला. मुलाच्या दहावीच्या परीक्षेसाठी व पुस्तकांसाठी बाजूस ठेवलेले पैसे काढून श्रावणात तिने हरभऱ्याच्या डाळीचा तीस किलोंचा कट्टा आणला व एका खोलीच्या घरात भिंतीशी टेकवून ठेवला. घटस्थापनेच्या सुमारास कट्टा तळापर्यंत उघडला तो डाळ ओलसर, गुठळ्या झालेल्या आणि किड्यांनी भरलेली. मुलगा आम्हांस म्हणाला, “सर, मी वर्षभर कामाला जातो, परीक्षा पुढच्या वर्षी देईन.” ते ऐकून आम्हांस काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. आई मात्र रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, “सर, तुमचा हिशेब बरोबर होता, पण तो डाळीला ठाऊक नव्हता.”

आता चूक नेमकी कोठे झाली ते पाहू. आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत. भाव रोज बदलतात, रीत बदलत नाही.

पहिला विचार : खरा दर

अर्धा किलो डाळीस ६० रुपये पडतात, म्हणजे दर किलोस १२०. पाच किलोंची पिशवी ५४० रुपयांस मिळते, म्हणजे किलोस १०८. तीस किलोंचा कट्टा ३,००० रुपयांस, म्हणजे किलोस १००. येथवर आमचा हिशेब पोचला होता व येथेच तो थांबला होता.

परंतु कट्टा आपल्या पायांनी घरी येत नाही. हमाली व रिक्षाभाडे मिळून १५० रुपये गेले. एकूण खर्च ३,१५० झाला. महिना सहा किलो याप्रमाणे दोन महिन्यांत बारा किलो डाळ खर्च झाली. उरलेल्या अठरा किलोंपैकी निम्मी, म्हणजे नऊ किलो, टाकून द्यावी लागली. कामास आली ती एकवीस किलो. ३,१५० रुपयांस एकवीसने भागले असता दर किलोस १५० रुपये येतात! जी डाळ कोपऱ्यावर १२० रुपयांस मिळत होती, ती घाऊक बाजारातून १५० रुपयांस पडली.

बरे, पाच किलोंच्या पिशवीशी तुलना करू. एक दाणाही वाया गेला नाही असे धरले, तरी कट्ट्याची डाळ किलोस १०५ रुपयांस पडते. पिशवीची १०८ रुपयांस. तीस किलोंवर बचत अवघी ९० रुपये. कट्ट्यातील सुमारे आठशे तीस ग्रॅम डाळ वाया गेली की ही बचत संपते व पुढे तोटाच सुरू होतो. यास्तव नियम असा : माल विकत घेण्यापासून तो कामास येईपर्यंतचा सर्व खर्च एकत्र करावा व जेवढा माल प्रत्यक्ष कामास आला, तेवढ्यानेच त्यास भागावे. जो भागाकार येतो तो खरा दर होय. पाटीवर लिहिलेला तो नव्हे.

दुसरा विचार : खप

ही बाई भाजणीस चार भाग तांदूळ, दोन भाग हरभऱ्याची डाळ, एक भाग मुगाची व एक भाग उडदाची डाळ घेते. धणे, जिरे वेगळे. एरवीच्या महिन्यात तिला चोवीस किलो धान्य लागते. म्हणजे तांदूळ बारा किलो, हरभऱ्याची डाळ सहा, मूग व उडीद प्रत्येकी तीन. या मापाने तीस किलोंचा कट्टा पाच महिने पुरतो. दिवाळीच्या महिन्यात मात्र तिचे काम तिपटीहून वाढते व ऐंशी किलो धान्य लागते. तेव्हा हरभऱ्याची डाळ वीस किलो जाते. तोच कट्टा श्रावणात भार होतो आणि दिवाळीच्या तोंडावर उपयोगी पडतो. वस्तू एकच, केवळ वेळ निराळी.

म्हणून आधी खपाची वही ठेवावी व मग खरेदीचे प्रमाण ठरवावे. पावसाळ्यात एका महिन्याहून अधिक पुरेल इतका माल लहान घरात भरू नये, हे आम्ही आता अनुभवाने सांगतो. शिवाय कट्ट्यात अडकलेला पैसा हा पैसा राहत नाही; फीच्या दिवशी शाळेत डाळ चालत नाही.

तिसरा विचार : साठवण

ओल, ऊब व हवा ही तिन्ही धान्याची शत्रू आहेत. कट्टा जमिनीवर किंवा भिंतीस लावून ठेवू नये. खाली फळी असावी व भिंतीपासून वीतभर अंतर असावे. धान्य निवडून, ऊन देऊन, पूर्ण निवल्यावर मगच घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावे. ऊन धान्य तसेच कोंडले तर आत वाफ धरते व तीच बुरशीस कारण होते. प्रत्येक डब्यावर आणल्याची तारीख लिहावी. जुना माल आधी वापरावा, नवा त्याच्या मागे ठेवावा. जुन्या डब्यात नवा माल ओतण्याची सवय वाईट. तळाशी उरलेली कीड नव्यास लागते. हळद, मिरची, धणे शक्य तोवर अख्खे घ्यावेत व लागतील तसे दळावेत; पूड केली की वास लवकर उडतो.

चौथा विचार : वजन व माप

तेलाच्या डब्यांत पुष्कळांची फसगत होते. काही डबे पंधरा किलोंचे असतात, काही पंधरा लिटरचे. दिसण्यात फारसा फरक नसतो. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. म्हणून पंधरा लिटर तेल हे वजनाने १३ किलो ६५० ग्रॅमच असते. समजा, पंधरा लिटरचा डबा २,१०० रुपयांस व पंधरा किलोंचा २,२५० रुपयांस आहे. वरवर पाहता पहिला स्वस्त. पण किलोवर आणून पाहिले तर पहिल्याचा दर सुमारे १५४ रुपये येतो व दुसऱ्याचा १५०. म्हणजे महाग दिसणारा डबाच स्वस्त ठरला. दोन वस्तूंची तुलना करण्यापूर्वी त्या एकाच मापात आणाव्यात, हे पाचवीच्या वर्गात शिकवलेले तत्त्व दुकानात विसरता कामा नये.

पाचवा विचार : मालाची पारख

स्वतःच्या घरापुरता स्वयंपाक करणाराची चूक घरापुरती राहते. विकणाराची चूक अनेकांच्या पोटात जाते. १९९८ साली दिल्लीत अफूच्या कुळातील एका काटेरी रानझाडाच्या, ज्यास आपण पिवळा धोत्रा म्हणतो, बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेले आणि जलोदरासारख्या सुजेच्या रोगाने अनेक माणसे दगावली. स्वस्ताईची किंमत कधी कधी अशी द्यावी लागते.

काही परीक्षा घरीही करता येतात. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवावी. शुद्ध हळद तळाशी बसते व पाणी फिकट पिवळे होते. रंग मिसळला असल्यास पाणी गडद पिवळे होते. मिरचीची पूड पाण्यात टाकावी. तळाशी बसलेला गाळ बोटांनी चोळता खरखरीत लागला, तर विटेच्या भुकटीचा संशय घ्यावा. मिरी पाण्यात बुडते. त्यात मिसळलेल्या पपईच्या बिया बहुधा तरंगतात. या परीक्षा अंतिम नव्हेत, परंतु सावध करावयास पुरेशा आहेत. १९३७ च्या कायद्याने सुरू झालेली ॲगमार्कची खूण, वेष्टनावरील तारीख व दुकानाची पावती या तीन गोष्टी पाहिल्यावाचून माल घेऊ नये. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरी पदार्थ करून विकणारासही नोंदणी करावी लागते. पावत्या जपून ठेवल्या असता माल कोठून आला हे केव्हाही दाखवता येते.

किरकोळ दुकानदार आपला वैरी आहे काय?

घाऊक व किरकोळ भावांतील अंतर पाहून पुष्कळांस वाटते की, मधला दुकानदार फुकटचे खातो. आम्हांसही तसे वाटत असे. पण त्या अंतरात काय काय आहे ते पाहावे. त्याने माल आणला, निवडला, आपल्या जागेत ठेवला, किडीचा धोका सोसला, आपला पैसा अडकवला व आपणांस लागेल तेव्हा लागेल तेवढा दिला. खराब निघाला तर बदलूनही देतो. ज्याच्या घरी जागा नाही, त्यास दुकानदाराचे कोठार हेच आपले कोठार होय; त्याचे थोडे भाडे द्यावे लागते, इतकेच. यास्तव एकाच भल्या दुकानदारास सांगावे : “दर महिन्यास एवढी डाळ, एवढे तांदूळ, एवढे तेल नेमाने घेईन, रोख देईन, भाव काय लावाल?” नेमाच्या गिऱ्हाइकास बहुतेक दुकानदार अर्ध्या किलोचा भाव लावीत नाहीत. पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार बाजारात किंवा वाशीच्या धान्यबाजारात जाऊन भाव विचारून येण्यास काही पडत नाही. भाव ठाऊक असला म्हणजे शेजारच्या दुकानातही बोलता येते.

एकीचा मार्ग

याहून चांगला मार्ग आहे तो एकत्र येण्याचा. इंग्लंडातील रॉचडेल गावी अठ्ठावीस विणकर व कारागीर यांनी थोडे थोडे पैसे साठवून २१ डिसेंबर १८४४ रोजी एक दुकान उघडले. विकावयास पीठ, साखर, लोणी अशा मोजक्याच वस्तू होत्या. परंतु माल शुद्ध व वजन पुरे होते, आणि वर्षाचा नफा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात वाटला जाई. जगभरच्या सहकारी भांडारांचा तो आदर्श ठरला. आपल्याकडे १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला; तीच आजची लिज्जत पापडाची संस्था. तेथे उडीद, हिंग, मिरी यांची खरेदी प्रत्येकीने स्वतंत्र करावयाची नसते. संस्था एकत्र खरेदी करते, म्हणून भावही साधतो व चवही सर्वत्र एक राहते.

आमच्या विद्यार्थ्याच्या आईनेही शेवटी हेच केले. त्या वर्षीची फी मुख्याध्यापकांच्या परवानगीने दोन हप्त्यांत भरली गेली व मुलगा परीक्षेस बसला. दिवाळीनंतर तिने शेजारच्या दोघींस बरोबर घेतले. एक लाडू करते, दुसरी पुरणपोळ्या. तिघी मिळून कट्टा आणतात व दहा दहा किलो वाटून घेतात. दीड-दोन महिन्यांत तो संपतो, कीड धरण्यास वेळच मिळत नाही. डाळ प्रत्येकीस १०५ रुपयांनी पडते. पूर्वीच्या १२० वरून किलोमागे पंधरा रुपये वाचतात. वही मुलगा लिहितो, आणि पहिल्या पानावर त्याने ‘खरा दर’ अशी चार अक्षरे ठळक काढली आहेत. ती पाहून आम्हांस आमची चूकही आठवते व समाधानही वाटते.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी असे काही ना काही चालते. आईबापांच्या श्रमांस तुमच्या गणिताची जोड द्या. परंतु सल्ला देण्यापूर्वी घराची जागा, ऋतू व खप पाहून घ्या. आम्ही ते पाहिले नव्हते.

सरावासाठी

१. साखर किरकोळ भावाने किलोस ४६ रुपये. पन्नास किलोंचा कट्टा २,१०० रुपयांस, हमाली ५० रुपये. महिन्याचा खप आठ किलो. कट्टा घ्यावा काय? कारणांसह सांगा.

२. पंधरा लिटर तेलाचा डबा १,९५० रुपयांस व पंधरा किलोंचा २,१६० रुपयांस. कोणता स्वस्त? (वरील उदाहरणावरून उत्तर ठरवू नका, भागाकार करून पाहा.)

३. आपल्या घरी लागणाऱ्या कोणत्याही एका जिनसाची खरेदी, खप व नासाडी महिनाभर लिहून ठेवा व त्याचा खरा दर काढा. वही आईस दाखवून मगच आम्हांकडे आणा.