धावपट्टी आणि विमानसेवा : खानदेशचा अनुभव

विमानतळ बांधणे ही एक गोष्ट आहे आणि विमानसेवा टिकणे ही दुसरी. पहिली शासनाच्या हाती असते. जमीन, निधी आणि बांधकाम विभाग यांची सांगड घातली की धावपट्टी तयार होते. दुसरीसाठी विमान, वैमानिक, प्रवासी, इंधनाचा दर आणि मोठ्या विमानतळावर उतरण्याची सोयीची वेळ अशी अनेक अवधाने एकाच वेळी जुळून यावी लागतात. त्यांतले एक जरी निसटले तरी धावपट्टी आहे तेथेच राहते आणि विमान मात्र येईनासे होते. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांनी गेल्या पन्नास वर्षांत हा अनुभव पुरेपूर घेतला आहे. आपल्या गावीही विमानतळ असावा अशी मागणी करणाऱ्या प्रत्येक जिल्ह्याने तो अभ्यासण्यासारखा आहे.

जळगावची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम विभागाने १९७३ साली बांधली. एप्रिल १९९७ मध्ये ती नगरपालिकेकडे आली आणि एप्रिल २००७ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे सोपविण्यात आली. जुलै २००९ मध्ये राज्य शासन व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्यात विकासाचा करार झाला. जून २०१० मध्ये तत्कालीन राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली आणि २३ मार्च २०१२ रोजी त्यांच्याच हस्ते नव्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले. जळगावच्या कन्येने जळगावच्या विमानतळाचे उद्‌घाटन करावे, हा योग जिल्ह्याला अभिमान वाटावा असाच होता. परंतु नियमित प्रवासी सेवेसाठी त्यानंतरही पाच वर्षांहून अधिक काळ, म्हणजे डिसेंबर २०१७ पर्यंत, वाट पाहावी लागली.

ती सेवा आली केंद्र शासनाच्या ‘उडान’ योजनेमुळे. ही योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी तिची पहिली उड्डाणे झाली. त्यांत आपल्या राज्यातील नांदेड-हैदराबाद मार्गही होता. योजनेचे सूत्र समजून घेणे आवश्यक आहे. छोट्या शहराच्या मार्गावर निवड झालेल्या कंपनीने विमानातील ठराविक आसने, साधारणपणे निम्मी, मर्यादित भाड्याने द्यावयाची. सुरुवातीला एका तासाच्या प्रवासासाठी ही मर्यादा २,५०० रुपये होती. अशा भाड्यात खर्च भागत नाही, म्हणून जी तूट येते ती ‘व्यवहार्यता तूट निधी’तून भरून द्यावयाची. या निधीचा ८० टक्के भार केंद्राकडे आणि २० टक्के राज्याकडे. केंद्राचा वाटा मोठ्या शहरांमधील विमान फेऱ्यांवर आकार बसवून उभा केला जातो. म्हणजे दिल्ली-मुंबई विमानात बसणारा प्रवासी नकळत जळगाव-मुंबई प्रवाशाच्या तिकिटाला हातभार लावीत असतो. राज्याने विमान इंधनावरील कर एक टक्क्यापर्यंत खाली आणावयाचा, सुरक्षा व अग्निशमन व्यवस्था विनामूल्य पुरवावयाची आणि वीज-पाणी सवलतीने द्यावयाचे, अशीही अट होती. हे साहाय्य तीन वर्षांपुरते असते. तेवढ्या अवधीत प्रवाशांना सवय लागेल आणि पुढे सेवा आपल्या पायांवर उभी राहील, अशी योजनेची कल्पना आहे.

२३ डिसेंबर २०१७ रोजी एअर डेक्कनचे विमान मुंबईहून जळगावला आले. ते बीचक्राफ्ट जातीचे, १९ आसनी वर्गातले होते. पुढे ही सेवा खंडित झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट या कंपनीने सुमारे ७० आसनांच्या एटीआर विमानाने जळगाव मुंबई व अहमदाबादशी जोडले. काही महिन्यांतच करोनाची साथ आली, आणि २०२२ च्या आरंभी त्या कंपनीचीच उड्डाणे थांबली. नंतर एप्रिल २०२४ मध्ये गोव्याच्या फ्लाय ९१ या नव्या कंपनीने जळगावहून गोवा व हैदराबाद हे मार्ग सुरू केले आणि पुढील महिन्यात पुणेही जोडले. सुरू होणे, बंद पडणे आणि नव्या कंपनीने पुन्हा सुरू करणे हे चक्र केवळ जळगावचे नाही. लहान शहरांसाठी १९८१ साली स्थापन झालेल्या ‘वायुदूत’चेही अखेर १९९३ साली इंडियन एअरलाइन्समध्ये विलीनीकरण झाले होते.

बेटाचे विमान आणि खानदेशचे विमान

फ्लाय ९१ च्या मार्गांत एक योगायोग आहे. याच कंपनीने मार्च २०२४ मध्ये लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावरही उड्डाणे सुरू केली. ज्या जातीचे एटीआर विमान जळगावच्या सुमारे १,७०० मीटरच्या धावपट्टीवर उतरते, त्याच जातीचे विमान अगत्तीच्या १,२०० मीटरच्या आसपास लांबीच्या पट्टीवर उतरते. तेथे पट्टीच्या दोन्ही टोकांना समुद्र आहे. विमान तेच असले तरी दोन्ही ठिकाणी त्याचे काम मात्र एक नाही.

अगत्ती कोचीपासून सुमारे ४६० किलोमीटर दूर आहे. जहाजाला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागतो आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की जहाजांचा भरवसा राहात नाही. विमान तेथे रुग्णवाहिका आहे, टपालगाडी आहे आणि परीक्षेला निघालेल्या विद्यार्थ्याची एस.टी.ही आहे. अगत्तीला १९८८ साली धावपट्टी झाली ती याच गरजेपोटी.

मॉरिशसचे उदाहरण अधिक बोलके आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांमुळे हा देश मराठी वाचकाला परका नाही. एअर मॉरिशस ही कंपनी जून १९६७ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्या नऊ महिने आधी, स्थापन झाली. १९७२ साली तिने पहिला मार्ग सुरू केला तो लंडन वा पॅरिसचा नव्हे, तर सुमारे ५६० किलोमीटरवरील रॉड्रिग्ज या आपल्याच लहान बेटाचा. विमान होते एअर मादागास्करकडून भाड्याने घेतलेले, मोजक्या आसनांचे. करोना काळात, एप्रिल २०२० मध्ये, ही कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन प्रशासकांच्या ताब्यात गेली. परंतु तेथील शासनाने तिला बुडू दिले नाही; ऑक्टोबर २०२१ मध्ये ती त्यातून बाहेर पडली. पर्यटकांपासून औषधांपर्यंत ज्या देशाचे बरेचसे जीवन विमानावर अवलंबून, त्याला दुसरा मार्गच नव्हता.

ट्रूजेट बंद पडली तेव्हा जळगावकरांची गैरसोय झाली, पण कोणी अडकून पडले नाही. याचे कारण लोहमार्ग. मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे ४२० किलोमीटरवर जळगाव आणि त्यापुढे २४ किलोमीटरवर भुसावळसारखे देशातील एक मोठे जंक्शन. रात्री गाडीत बसलेला मनुष्य सकाळी मुंबईत असतो. तेव्हा खानदेशात विमानाची स्पर्धा समुद्राशी नाही, आगगाडीशी आहे. आणि आगगाडी स्वस्त आहे, रोज आहे आणि ठरलेल्या दिवशी येतेच. वारंवार रद्द होणारे विमान या स्पर्धेत टिकत नाही. ज्याचे उड्डाण एकदा ऐनवेळी रद्द झाले आणि मंत्रालयातील वा न्यायालयातील काम चुकले, तो पुढच्या वेळी निमूटपणे रेल्वेचे आरक्षण करतो. तीन वर्षांच्या साहाय्याचा हेतूच सवय लावण्याचा आहे. सेवा खंडित झाली की सवयही मोडते आणि पुढच्या कंपनीला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

सेवा खंडित होण्यामागे प्रवाशांची अनास्था हे कारण बहुधा पुढे केले जाते. ते पुरेसे नाही. मुंबईच्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एकावेळी एकच वापरता येते आणि उतरण्याच्या वेळा मोजक्याच राहतात. मोठ्या विमानांची तेथे रीघ असताना छोट्या विमानाला सकाळी नऊची वेळ मिळणे दुरापास्त. आणि भरदुपारी मुंबईस पोहोचविणारे विमान कामकाजासाठी जाणाऱ्याच्या उपयोगाचे नाही. नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आहे. तेथील वेळांपैकी काही खानदेशच्या वाट्याला याव्यात, असा आग्रह लोकप्रतिनिधींनी आताच धरणे इष्ट ठरेल.

आणखी एक कारण खानदेशच्या हवेत आहे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. त्यामुळे तेच विमान उन्हाळ्याच्या दुपारी आकाशात चढण्यासाठी अधिक लांब धाव मागते, आणि पट्टी तेवढी लांब नसेल तर प्रवासी किंवा सामान कमी करावे लागते. विज्ञानाच्या शिक्षकांना घनतेचा धडा शिकविण्यासाठी याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. जिल्ह्याची केळी विमानाने का जात नाहीत, हा प्रश्नही कधीकधी सभांत विचारला जातो. त्याचे उत्तर सोपे आहे. केळी वजनाने जड आणि किलोमागे भावाने हलकी. रावेर-सावद्याच्या केळीला रेल्वेची वाघीण आणि मालमोटार हीच खरी वाहने होत. विमानतळाचा लाभ अन्य दिशेने होऊ शकेल : अजिंठ्याची लेणी जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहेत.

धुळ्याची शाळा

धुळ्याजवळ गोंदूर येथे जी धावपट्टी आहे, तिच्यावर प्रवासी विमानांची ये-जा नाही. तरीही ती ओस पडलेली नाही. १९२८ साली जुहू येथे स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण प्रशिक्षण येथे चालते. जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ साली ज्या क्लबमध्ये शिकून परवाना मिळविला, तोच हा क्लब. मुंबईचे आकाश मोठ्या विमानांनी व्यापल्यावर नवशिक्यांना मोकळे आकाश हवे होते. ते खानदेशात मिळाले. शिरपूर तालुक्यात तांडे येथेही धावपट्टी असून तेथे वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने प्रशिक्षण संस्थांसाठी देशातील जे पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगावचाही समावेश होता.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते. त्यासाठी लागणारे निरभ्र दिवस, सपाट मुलूख आणि विरळ वाहतूक येथे आहे. प्रवासी सेवेने जे स्थैर्य अद्याप मिळविलेले नाही, ते या प्रशिक्षणाने गाजावाजा न करता मिळविले आहे. खेद एवढाच की, शिकणारी मुले बहुतांश बाहेरची असतात. प्रशिक्षणाचा खर्च लाखोंच्या घरात जातो, आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित असण्याची अट दीर्घकाळ राहिल्याने दहावीनंतरची निवडच निर्णायक ठरत आली आहे. माध्यमिक शाळांनी विद्यार्थ्यांना एकदा गोंदूरला नेऊन आणले तरी पुष्कळ होईल.

पंचायतींचे काम

विमानतळ शहराच्या नावाने ओळखला जातो, पण तो असतो गावांच्या शिवारात. म्हणून काही गोष्टी ग्रामपंचायतींनीच पाहावयाच्या आहेत. विमानतळाच्या दहा किलोमीटर परिघात उघड्यावर कचरा टाकण्यास व जनावरे कापण्यास विमान नियम, १९३७ अन्वये मनाई आहे. घारी-गिधाडे उकिरड्यावर जमतात आणि उतरत्या विमानाच्या इंजिनात एक पक्षी शिरला तरी अनर्थ ओढवू शकतो. जवळच्या बांधकामांच्या उंचीलाही प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. भ्रमणध्वनीचा मनोरा वा पाण्याची उंच टाकी यांस परवानगी देण्यापूर्वी ते पाहिले पाहिजे.

प्रशिक्षण विमाने जेथे उडतात, तेथील गावांनी अपघातप्रसंगीचे कर्तव्यही जाणून असावे. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डीच्या परिसरात, सातपुड्याच्या डोंगरात, एक प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षक मृत्युमुखी पडले; प्रशिक्षणार्थी तरुणी गंभीर जखमी झाली. जेथे रस्ता नव्हता तेथून आदिवासी ग्रामस्थांनी झोळी करून तिला खाली आणले. शासकीय मदत पोहोचण्यापूर्वीचे ते मोलाचे तास गावाने सांभाळले. अशा वेळी जखमींना बाहेर काढावे, इंधनाजवळ आग व विडी-काडी येऊ देऊ नये, ११२ क्रमांकावर कळवावे आणि विमानाचे अवशेष मात्र मुळीच हलवू नयेत. ते कोणत्या अवस्थेत व कोणत्या दिशेला पडले, यावरूनच विमान अपघात अन्वेषण विभागाला कारणाचा माग काढावयाचा असतो. पोलीस पाटील व सरपंच यांनी पोलीस येईपर्यंत तेथे पहारा ठेवावा.